उभ्या माणसांचं दुकान

कापडाच्या दुकानात तुम्ही गेलाच असाल. तुम्ही खुर्चीवर टेकता, पंख्याचं तोंड तुमच्याकडे वळवलं जातं आणि समोरची बाई एकामागून एक थान उलगडत जाते. "यात जरा फिका रंग नाही का?" तुम्ही विचारता. ती वळते, शिडीवर चढते, उतरते. तासाभराने काहीच न घेता तुम्ही उठता. ती हसून म्हणते, "या पुन्हा."

तिला बसलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे? आठवून बघा. घाई नाही.

ही गोष्ट ज्या दुकानाची, तिथे सतरा माणसं उभी असायची. शटर वर गेल्यापासून शटर खाली येईपर्यंत, जेवणाची वीस मिनिटं सोडली तर सतत. हा नियम मालकांचा आहे असं सगळ्यांना वाटे. तो मालकांचा नव्हता. तो मजल्यावरच्या मुख्य बाईचा होता. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत, पाठीमागे हवालदारीण. सत्तावीस वर्षांपूर्वी ती अस्तराच्या फळीवर, म्हणजे कापड पसरायच्या लांब टेबलामागे, लागली आणि उभी राहून राहून मुख्य झाली. जे आपण सोसलं ते दुसऱ्याने सोसलं नाही तर आपल्या सोसण्याची किंमत काय राहिली, असं तिला वाटे. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ती एवढंच म्हणे, "बसलेल्या माणसाकडून गिऱ्हाईक कापड घेत नाही."

आता हीच बाई दुसऱ्या एका खोलीत बघा.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाय कधीपासून दुखतात?" तिने सांगितलं, दोन महिने. नऊ वर्षं झाली होती.

"संध्याकाळी सूज येते?" "थोडीशी." बूट निघत नसत.

"घरी कुणाला दाखवलंत?" "हो, मिस्टरांना." नवरा शेजारी झोपत होता आणि नऊ वर्षांत त्याने तिचे पाय उजेडात पाहिले नव्हते.

मग डॉक्टरबाईंनी विजारीचा पाय वर सरकवला आणि पुढचे प्रश्न आपोआप संपले. पोटरीवर निळ्या-हिरव्या गाठी, पिळलेल्या दोरीसारख्या. घोट्याशी कातडी काळवंडलेली.

"पायातलं रक्त वर चढायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते खाली घसरू नये म्हणून शिरांना झडपा असतात. तुमच्या झडपा मिटत नाहीत. रक्त मागे येतं, साचतं, शिरा फुगतात."

"मग काढून टाका."

"काढता येते. मांडीच्या सांध्याशी छेद घेऊन शीर बांधायची आणि ओढून काढायची, ही जुनी पद्धत. काही पायांना अजूनही तीच बरी. दुसरी म्हणजे बारीक नळी आत घालून लेझरने शीर आतून तापवायची, ती जागच्या जागी मिटते. काहींची शीर डिंकासारख्या औषधाने चिकटवतात. लहान शिरांमध्ये औषधाचा फेस टोचतात. आणि ह्या गाठी दिसतात ना, त्या बारीक छेदांतून आकड्याने काढतात."

"आणि रक्त मग जाणार कुठून?"

"खोलवरच्या शिरांतून. त्या ठीक आहेत का, हे आधी सोनोग्राफीत बघायचं. काय करायचं ते त्यावर ठरतं."

"यात कमीत कमी रजा कशाला लागते?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तुम्ही उपचार निवडताय की सुट्टी?"

सोनोग्राफी झाली. लेझर आणि आकड्याचं काम, दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरलं. ते झालं आणि त्याच दिवशी ती चालत घरी गेली. आठ दिवसांची रजा, नणंदेकडे जाते म्हणून. पायात घट्ट मोजा, वर निळी विजार. पण घरी जाण्याआधी डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून घेतलं होतं, आणि ते बोलणं इथे सगळं सांगायलाच हवं.

"मी एक शीर मिटवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा दिवसभर एका जागी खांबासारख्या उभ्या राहिलात तर दुसरी फुगायला कितीसा वेळ लागतो? मध्येमध्ये बसा. पाय वर घ्या. चार पावलं चाला. तुमच्याकडे उभं राहणारे किती जण आहेत?"

"सतरा."

"त्यांना सांगाल?"

"सांगेन की."

"काय सांगाल? म्हणून दाखवा."

पाढे न येणाऱ्या मुलीसारखी ती विजारीची शिवण चाचपत बसली.

"मग मी सांगते ते ऐका. अशी शीर कातडीला लागून असली की साधा ओरखडाही पुरतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि रक्त भळाभळा वाहतं. त्या माणसाला आडवं करायचं. पाय उचलून छातीच्या वर धरायचा. नेमकं जिथून येतंय तिथे स्वच्छ कापड ठेवून दाबायचं, सोडायचं नाही, गाडी येईपर्यंत. वरच्या बाजूला करकचून बांधायचं नाही. वर जाणारी वाट बंद झाली की खालून जास्त वाहतं. आता म्हणा."

तिने म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.

"शाबास. आता हे तुमच्या एकटीचं नाही. आजार लपवला की माणसाला वाटतं, त्रास काय तो मलाच. तसं नसतं. तुम्ही लपवता म्हणून शेजारचीही लपवते. ती तुमच्याकडे बघून उभी असते, बाई!"

"हो, हो, सांगते," मॅडम म्हणाली. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

नवव्या दिवशी ती मजल्यावर हजर.

"काय मॅडम, नणंदेने चांगलं खाऊ घातलेलं दिसतंय," कपडे दुरुस्तीचे शिंपीकाका म्हणाले.

"तुम्ही काज करा, काका. तोंडाची शिलाई नंतर."

सगळे हसले. सगळं पूर्वीसारखं झालं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी स्वतःचा पाय दाखवावा लागला असता, आणि हवालदारणीचा पायच आजारी निघाला म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सतरा जणांनी बसायला जागा मागितली असती. तिने मनाशी म्हटलं, सवडीने सांगू.

तिसऱ्या फळीवर पांढरं कापड असे आणि ते विकणारी चिमणी. आवाज बारीक, खाणं त्याहून बारीक, म्हणून चिमणी. वय बेचाळीस, घरी नवरा आणि सासू. एके दुपारी ती मॅडमला कोपऱ्यात म्हणाली, "जरा बघता का हो? घोट्याशी काळं पडलंय. खाजतं फार. वर खपली धरलीय."

मॅडमने वाकून पाहिलं. तिला ते ओळखायला क्षणही लागला नाही. तो तिचाच पाय होता.

"मी दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं टेकू का कुठे?" चिमणीने विचारलं. "पुठ्ठ्याच्या खोक्यावरसुद्धा चालेल."

मॅडमच्या विजारीखाली मोजा आवळत होता.

"तेल चोळ," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं उभी आहे मी. मला झालं काही? आणि हो, खाजवत बसू नकोस, पांढऱ्या थानाला डाग लागेल."

"बरं, मॅडम," चिमणी म्हणाली आणि फळीवर गेली.

यानंतरचं मॅडमने पाहिलं नाही. त्या दिवशी चार वाजता ती गोदामात जाते म्हणून निघाली आणि डॉक्टरबाईंकडे तपासणीला गेली. फोन बंद करून पिशवीत टाकला. मागे काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तसंच इथेही देतो, कारण जोडून सांगता येत नाही.

शेजारच्या फळीवरची अस्तरवाली म्हणाली: "थानाच्या पुठ्ठ्याला पिन असते ना, ती लागली तिला. तिला कळलंच नाही. मलाच आधी तिच्या बुटात ओलं दिसलं. मी म्हटलं, अगं हे काय! ती म्हणाली, ओरडू नकोस, कापडाला डाग लागला तर मॅडम काय म्हणतील. आणि ती मोरीत गेली. एकटी. नळाखाली पाय धरून उभी. उभीच, किती वेळ कोण जाणे. मला गिऱ्हाईक होतं."

शिंपीकाका म्हणाले: "मोरीच्या उंबऱ्यातून लाल पाणी बाहेर आलं तेव्हा आम्ही धावलो. मी अस्तराची पट्टी फाडली आणि गुडघ्याच्या वर बांधली. घट्ट. दोघांनी ओढून. साप चावल्यावर बांधतात तशी. चांगलंच करतोय असं वाटत होतं हो... आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसवलं तिला, पाय खाली सोडून. ती म्हणाली, गादी खराब होईल."

पुन्हा अस्तरवाली: "तुम्हाला सात वेळा फोन केला. काय करायचं ते विचारायला. मजल्यावर काही झालं की आम्ही तुम्हालाच विचारतो."

त्याच वेळी डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून म्हणत होत्या, "छान मिटलीय शीर. दुकानात सांगितलंत ना सगळ्यांना?"

"हो," मॅडम म्हणाली.

चिमणी गाडीतच बेशुद्ध झाली. हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभराने गेली. कुठल्या मोठ्या रोगाने नाही, कापलेल्या धमनीने नाही. घोट्याजवळच्या एका शिरेने, जी एका अंगठ्याने दाबून धरता आली असती!

तिसऱ्या दिवशी मॅडम चिमणीच्या घरी गेली. एकच खोली. एका भिंतीशी म्हातारी तोंड फिरवून पडलेली. नवरा दारातच उभा होता. तो दुधाच्या गाडीवर चालक होता आणि अंगावर अजून कामाचाच शर्ट होता. मॅडमने येताना चार वाक्यं तयार केली होती, दुकानातर्फे, आम्हा सगळ्यांतर्फे. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"काय करायचं ते. रक्त आलं तर. मला शिकवलं होतं. माझ्याही पायाला तेच आहे, मी उपचार करून घेतले. तिने मला घोटा दाखवला होता. मी तिला तेल चोळ म्हटलं."

ती ओरड्याची वाट बघत होती. ओरडा आला असता तर बरं वाटलं असतं.

"उपचार होतो याच्यावर?" त्याने विचारलं.

"होतो."

"ती म्हणायची, मॅडमसुद्धा उभ्या असतात, मग मी काय बोलू." त्याने दाराची कडी हातात घेतली. "हे मला कशाला सांगताय आता? माझ्या घरात उभं राहणारं कुणी उरलं नाही. जिथे उभे आहेत तिथे जाऊन सांगा."

आणि दार लागलं. आत म्हातारीने काहीतरी विचारलं.

मॅडम तिथून थेट दुकानात आली. दुपारची गर्दी होती. ती मजल्याच्या मधोमध जाऊन म्हणाली, "सगळे इकडे या."

"गिऱ्हाईक आहेत, मॅडम."

"त्यांनाही ऐकू दे."

तिने वाकून विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळले. मोजा उतरवायला वेळ लागला, तो तसा पटकन निघत नाही. आकड्याने केलेल्या छेदांच्या बारीक खुणा दिसल्या. आणि दुसऱ्या पायाच्या गाठी, ज्यांच्यावर अजून काहीच केलेलं नव्हतं.

"मी नणंदेकडे गेले नव्हते," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं. कुठलाही भाग मऊ न करता. मालक जिन्यातून वर आले तेव्हा ती चिमणीच्या घोट्यापाशी पोचली होती. शिंपीकाकांनी दोन्ही हात समोर धरले होते आणि ते हातांकडेच बघत होते.

"काका, तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं."

मग ती कापड पसरायच्या लांब फळीवर चढली आणि उताणी झोपली. "अस्तरवाली, ये. पाय उचल माझा. वर, अजून वर. इथे घोट्याशी दाब."

अस्तरवाली जागची हलली नाही. "तुमच्या पायाला हात लावायची माझी इच्छा नाही," ती स्पष्ट म्हणाली.

गिऱ्हाइकं दाराकडे सरकली, पण बाहेर गेली नाहीत.

"नसू दे," मॅडम छताकडे बघत म्हणाली. "माझ्यासाठी करू नकोस. माझी इथे कुणाला गरज नाही, पण हे यायलाच हवं."

"अहो, हा काय तमाशा चाललाय?" मालक पुढे आले. "उठा आधी."

"नाही उठणार! बसायचं नाही हा नियम माझा होता, साहेब. तुम्ही कधी केलाच नव्हता. मी तो आज मोडला. उद्यापासून प्रत्येक फळीमागे बसायला जागा हवी, आणि ज्यांचे पाय असे आहेत त्यांना तपासणीला जायला रजा हवी, खोटं न बोलता. जमत नसेल तर आत्ताच सांगा. मग हे सोळा जण आणि मी, सगळे असेच इथे आडवे होऊ."

मालकांनी त्या सोळा तोंडांकडे पाहिलं. कुणीही नकारार्थी मान हलवली नाही. "बघू," ते म्हणाले. मग थोड्या खालच्या आवाजात, "करू."

वाचकहो, चिमणी परत आली नाही. पश्चात्तापाने कुणी परत येत नाही. आपल्या शाळेत, स्वयंपाकघरात, कारखान्यात, चौकात कितीतरी माणसं आपल्यासाठी उभी आहेत. त्यांना बसायला जागा देणं ही मेहेरबानी नव्हे. फुगलेली शीर हा लाजेचा विषय नाही, तो दाखवण्याचा आणि वेळेवर बरा करण्याचा आजार आहे. आणि जीव वाचवणारी गोष्ट ज्याला कळली त्याने ती स्वतःजवळ ठेवली, तर ती न कळल्याहून वाईट.

फळीपाशी शेवटी शिंपीकाकाच आले. त्यांनी पाय उचलला. अंगठा चुकीच्या जागी पडला. "तिथे नाही," कुणीतरी म्हणालं. अस्तरवाली होती. तिने मॅडमच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिने काकांचा अंगठा धरला, दोन बोटं खाली सरकवला आणि त्यावर आपला अंगठा ठेवून दाबलं.

"आता सोडायचं नाही," ती मागच्यांना म्हणाली. "नीट बघा सगळ्यांनी."