हातातला फेटा

येळवाडीत दिल्लीची काळजी वाहायचं काम सुभेदार मानसिंगांकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, त्यांनी आपणहून घेतलं होतं. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बातम्या लागल्या की माणूस खुर्चीत ताठ बसायचा. सरहद्दीवर कुरबुरी वाढल्यापासून तर घरातला टीव्ही दिवसभर कोकलत असायचा. पडद्यावर चार माणसं एकाच वेळी ओरडायची आणि हे पाचवे, इकडून त्यांना उत्तरं द्यायचे.

सून संयोगिता क्रिकेटची शौकीन. भाकऱ्या उरकून ती मॅच लावायची, की हे रिमोट उचलायचे.

"देशावर काय वेळ आलीया, आन तुमाला चौके-छक्के सुचत्यात?"

ती मुकाट उठून आत जायची. तिचा नवरा जयराज, सुभेदारांचा एकुलता एक मुलगा, तोही फौजेत, तेव्हा रजेवर घरी आला होता. शेजारच्या गावातल्या पोरांना रजा अर्धी टाकून परत जावं लागलं होतं. जयराजचा फोन वाजला की घरातली भांडी वाजायची थांबत. मग कळायचं, कंपनीवाल्याचा फोन आहे, रिचार्ज संपत आलाय. सगळे हसायचे, पण हसणं काही खरं नसायचं.

त्यात आली गावची जत्रा. जत्रा म्हणजे कुस्त्यांचं मैदान, आणि मैदान म्हणजे नानासो. हा सुभेदारांचा चुलतभाऊ. त्याला कुस्तीपुढे जगात दुसरं काही दिसत नसे. देवळातल्या बैठकीत सुभेदारांनी सरळ सांगून टाकलं, यंदा मैदान बंद ठेवा.

"आवं दादा," नानासो म्हणाला, "आपुन हलगी वाजवली न्हाई म्हणून तिकडं तोफा थांबणार हायत व्हय? दिल्लीचं दिल्लीवाली बघत्यात. आपुन मातीचं बघू."

"पोरं तिकडं जिवावर उदार झाल्यात आन आपुन हितं शड्डू ठोकायचं? लाज हाय का कुनाला?"

सुभेदारांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात मागच्या खांबाला टेकलेला जयराज म्हणाला, "नानाकाका, शेवटची कुस्ती मी धरतो. फलटणच्या यशराजबर."

झालं. घरचाच आहेर मिळाला. मैदान ठरलं आणि त्या दिवसापासून बापलेक कामापुरतंच बोलायला लागले.

मैदानाच्या दिवशी सुभेदार टीव्हीपुढून हलले नाहीत. हलगीचा आवाज घरापर्यंत यायला लागला तसा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. जयराज तयार होऊन आला आणि दारात उभा राहिला.

"आबा, सामान कोन सांबाळनार?"

येळवाडीच्या मैदानाची ही रीत. पैलवान मातीत उतरताना घड्याळ, ताईत, हल्ली फोनसुद्धा, घरच्या वडीलधाऱ्याच्या हाती देतो. तो वडीलधारा डोक्याला फेटा बांधून मातीच्या कडेला बसतो. कुस्ती थांबवायचा हक्क पंचाखालोखाल त्यालाच. त्यानं फेटा काढून मातीत टाकला की हलगी बंद, कुस्ती बंद, आपला गडी हरला. आणि एकदा टाकलेला फेटा तो माणूस पुन्हा डोक्याला बांधत नाही. जुन्या माणसांनी रीत अशी घातली होती की पोराचा हात मोडायची वेळ आली तर बापाला सोडवता यावं, पण उगाच घाबरून कुणी सोडवू नये.

सुभेदार उठले, टीव्ही बंद केला आणि खुंटीवरचा फेटा घेतला.

"सामान सांबाळाय येतोय. कुस्ती बघाय न्हाई," ते म्हणाले.

उन्हं कलली होती. मैदानाभोवती माणूस मावत नव्हता, झाडांवरसुद्धा पोरं चढली होती. जयराजनं घड्याळ, ताईत, फोन बापाच्या ओंजळीत ठेवला, अंगाला माती लावली आणि आत उतरला. समोर यशराज, उंचीनं वीतभर जास्त, मान खांद्यात रुतलेली. बाजूच्या टेबलावर चांदीची गदा. नानासोनं दोघांची सलामी लावली, हलगीनं लय धरली आणि सुभेदारांच्या खिशात जयराजचा फोन थरथरला.

त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं, पोराच्या पलटणीतून फोन होता. गर्दीतून वाट काढत ते बाभळीखाली गेले.

"जयराज?" पलीकडून आवाज आला.

"उसका बाप बोल रहा हूँ. सुभेदार मानसिंग, रिटायर्ड."

"राम राम साहब. छुट्टी कैंसल है, सबकी. आज शाम की गाड़ी से निकलना है. कहाँ है वो?"

"यहीं है. सामने है."

"बता दीजिए साहब. अभी."

"अभी," सुभेदार म्हणाले. पाय आपोआप जुळले होते.

दिल्लीकडे जाणारी गाडी संध्याकाळी कराडला यायची. कराडची वाट तासाभराची, आणि आज तर जत्रेच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. ते परत जागेवर आले आणि त्यांनी फेटा डोक्यावरून उतरवला. पंचाच्या जागेवरून नानासोनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. 

फेकायचा, एवढंच काम होतं. हुकूम म्हणजे हुकूम. तासभर उशिरा आलेल्या जवानाला त्यांनी स्वतः उन्हात उभं केलं होतं. महिनाभर घरादाराला देशाचे धडे देणारे तेच, आणि मैदान बंद ठेवा म्हणणारेही तेच. आता देशानंच हाक मारली होती, आणि हात उठत नव्हता.

कारण समोर जयराज खाली सापडला होता. यशराजनं पट काढून त्याला मातीत घातलं होतं आणि पाठीवर कब्जा घेऊन तो मानेवर घुटना रेटत होता. पोराचा अर्धा चेहरा मातीत होता. ही माती त्याला पुन्हा कधी लागणार होती? लागणार तरी होती का? हा प्रश्न मनात आला आणि सुभेदारांना एकदम कळून चुकलं की आपण भ्यालो आहोत. पहिल्या दिवसापासून भ्यालो आहोत. टीव्हीपुढे बसून ज्याला देशाची काळजी म्हणत होतो, ती सगळी ह्या एका मातीनं माखलेल्या पोराची होती.

त्यांनी फेटा मुठीत आवळला. दुसऱ्या हातात पोराचं घड्याळ होतं, त्यावर त्यांनी नजर लावली. एवढी कुस्ती होऊ दे. देवा, एवढी एक होऊ दे, मग माझ्या हातानं त्याला गाडीत बसवतो. काटा पुढे सरकत होता. हलगी चढत होती. लोक ओरडत होते, कोण वर, कोण खाली, त्यांना कळत नव्हतं. फोन पुन्हा थरथरला. त्यांनी तो तसाच खिशात दाबून धरला. जन्मात पहिल्यांदा सुभेदार मानसिंग हुकूम खिशात घालून बसले होते आणि घामानं पाठीला सदरा चिकटला होता. आणखी थोडं थांबलो तर गाडी गेली. आता टाकावाच लागणार. त्यांनी हात उचलला.

तेवढ्यात मैदान फुटलं. फेटे, टोप्या, मूठमूठ माती आकाशात उडाली. सुभेदारांनी मान वर केली तेव्हा यशराज आकाशाकडे तोंड करून पडला होता आणि जयराजला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं.

गर्दीत घुसून त्यांनी पोराला खाली ओढलं आणि फोन त्याच्या हातात ठेवला. बोलायची गरज पडली नाही. जयराजनं पडदा वाचला.

"कवा आला?"

"सलामी लागली तवाच."

पोरानं बापाकडे पाहिलं. मग वाकून पाय धरले. गदा टेबलावरच राहिली.

नानासोनं जीप काढली. घरापुढे गाडी थांबली तर, जीप भरधाव येताना बघूनच समजलेली संयोगिता दारात फौजी पिशवी घेऊन उभी. भरायला वेळ लागेल म्हणून सुभेदारांनी हाका मारायला तोंड उघडलं होतं.

"भरूनच ठिवल्याली हाय, मामंजी," ती म्हणाली. "ह्ये आल्यापास्नंच."

चौके-छक्के बघणाऱ्या ह्या पोरीनं पिशवी कधी भरली, कधी कपाटामागं ठेवली, घरात कुणाला पत्ता नव्हता. सुभेदारांना तिच्याकडे बघवलं नाही.

गाडी फलाटाला लागली होती, तेव्हा हे चौघे पोहोचले. धावत डबा गाठला. आंघोळीला वेळ कुठला? जयराजच्या कानात, केसांत तांबडी माती तशीच होती. संयोगितानं पदरानं त्याचा कान पुसायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला.

"आबा, कुस्ती कशी झाली?" दारातून त्यानं विचारलं.

"एक नंबर," सुभेदार म्हणाले. गाडी हलली.

परतीच्या वाटेवर अंधारत आलं होतं. नानासो जीप चालवत होता, संयोगिता मागं बसली होती. बातम्या बघायला सुभेदारांचा हात फोनकडे गेला, आणि परत मांडीवर आला. मांडीवर फेटा तसाच पडला होता.

"नाना."

"काय दादा?"

"कुस्ती सांग. मी बघितली न्हाई."

नानासोनं चमकून पाहिलं. "आवं, म्होरंच तर बसला हुता."

"घड्याळ बघत हुतो. सलामीपास्नं सांग."

नानासोनं जीप हळू केली आणि सांगायला सुरुवात केली. खडाखडी कशी झाली, यशराजनं पट कसा काढला, पोरगं खाली कसं गेलं. मागून संयोगिता म्हणाली, "नानासासरं, जरा मोठ्यानं. मला बी ऐकायचंय."

"खाली गेला, मंग?" सुभेदारांनी विचारलं.

"मंग बराच वेळ मातीतच पडून हुता. मला वाटलं, झालं, गेली कुस्ती. तेवढ्यात त्यानं मान वळवून तुमच्याकडं बघितलं. तुमचा फेटा हातात. डोस्कं उघडं. त्यो समजला, दादा, बोलावणं आलंय म्हणून. फोन त्येचाच, सामान तुमच्यापाशी. दुसऱ्या कशापायी तुमी फेटा काडणार न्हाई, ह्ये त्याला ठावं."

"मंग?"

"मंग तुमी हात उचलला. तुमचा फेटा मातीत पडायच्या आत त्यानं घिस्सा ओढून यशराज चितपट केला."

सुभेदारांनी मांडीवरचा फेटा उचलला आणि चालत्या जीपमध्ये चाचपडत डोक्याला गुंडाळायला घेतला. तो नीट बसेना. मागून संयोगितानं हात पुढे करून शेवट खोचला.

"पुन्यांदा सांग," ते नानासोला म्हणाले. "पहिल्यापास्नं."