अजून नाही

फॉर्मलिनचा डबा मीच आणला, हे आधीच सांगून टाकतो. बाजारात बाकीच्यांचा टोफू तीन दिवस टिकायचा, आमचा संध्याकाळपर्यंत आंबायचा. प्रेतं टिकवायचं औषध ते, पण थेंबभर घातलं तर कोणाला कळतंय? वार्तिनीताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, डबा दिसला. आमचा टोफूचा कारखाना तिच्या नावावर. तिनं तो सोयाबीनच्या पोत्यांमागे सरकवला आणि म्हणाली, "हात लावलास तर याद राख!"

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचे हर्सोनोसाहेब तपासणीला आले. परवाना त्यांच्या सहीवाचून अडलेला; तो नसता तर आमच्या केदिरी शहरातल्या एकाही दुकानानं आमचा माल ठेवला नसता. चहा घेत त्यांनी विचारलं, "फॉर्मलिन वापरता का?"

"अजून नाही, साहेब," ताई म्हणाली.

यात विशेष काही नाही. आमच्या केदिरीकडे तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे उर्मटपणा. सत्तरीच्या कुमारिकेला लग्नाचं विचारा, तीसुद्धा 'अजून नाही' म्हणते. साहेबही इथलेच. हसले, फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा!

"थांबा साहेब," ताई म्हणाली. "मी बोलले तेच लिहा. डबा आणलाय. फोडलेला नाही."

अगं बाई, तुला कोणी विचारलं होतं का!

साहेबांनी डब्याचं सील तपासलं. टोफूचे तुकडे काचेच्या नळ्यांत घालून वर तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. रंग बदलला नाही, म्हणजे टोफूत फॉर्मलिन नव्हतं. मग म्हणाले, "वार्तिनीबाई, सही होतच आली होती. गप्प का नाही बसलात?"

"पुढच्या वर्षी तुम्ही परत येणार. तेव्हाही माझ्या शब्दावरच लिहाल ना? मग तो आजच कशाला खोटा पाडू?"

"डबा आणला कोणी?"

ताई चहाचे कप उचलायला लागली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा मला भयंकर राग आला होता, पण डब्याचं खापर तिच्या माथी फुटू देणं जमेना.

"मी," म्हणालो.

साहेबांनी डबा जप्त केला आणि परवान्यावर सही केली. खाली एक अट लिहिली: सदर महिलेच्या भावाने सोयाबीनचे दूध उकळण्याच्या कढईपाशी जाऊ नये. परवाना दर्शनी भिंतीवर लावायचा नियम आहे. आता आलेलं गिऱ्हाईक टोफू घेता घेता तो वाचतं, आणि मग माझ्याकडे बघतं.