घाट वर, खाडी खाली

मी एक जुना डोंगर आहे, असे सांगायला मला फार आवडले असते. पण मित्रांनो, तुम्ही हात लावून पाहाल, म्हणून खरे तेच सांगतो. मी मोडक्या दाराच्या फळीवर थापलेला कागदाचा लगदा आहे. शाळेत मला ‘उठावाचा नकाशा’ म्हणतात. साजगावाजवळच्या एका लहान शाळेत मी तीस वर्षे भिंतीला पाठ लावून उभा होतो. बाकी जे सांगेन, ते थोडे चाळून घ्या.

माझा जन्म हेमचंद्र गुरुजींच्या हट्टामुळे झाला. ते खोपोलीहून सायकलने येत. पठार, सुळका, खिंड, सगळ्यांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ होत्या. पण गुरुजींनी खिडकीबाहेर बोट करून ‘ही टेकडी की डोंगर?’ असे विचारले, की मुले एकमेकांकडे बघत. मग गुरुजींनी गावातल्या नामाला गाठले. नामा शेती सांभाळून कारखान्यात पाळीला जाई. त्याची बायको बायजा रद्दी भिजवून, त्यात मेथी वाटून घालून लगद्याच्या टोपल्या करी. त्याच लगद्यातून दोघांनी मला घडवले.

सगळ्यात वर बोरघाटाचा उभा कडा. कड्यातून पुढे आलेले नागफणीचे टोक बायजाने चिमटीत धरून एका दमात ओढले. खरी नागफणीही अशीच कुणीतरी ओढली असावी, असे माझे मत आहे. कड्यावरून उतरणाऱ्या डोंगराच्या सोंडा, दोन सोंडांमधली दरी, पायथ्याचा माळ, भाताची खाचरे, आणि त्यांतून वळणे घेत खाली खाडीकडे निघालेली पाताळगंगा.

गुरुजींनी मला पाहिले आणि डोके खाजवले. नकाशात वरची बाजू उत्तरेची. माझी वरची बाजू होती पूर्वेची. पण आमच्याकडे पुण्याला निघालेला माणूस ‘वर’ जातो आणि पेणला निघालेला ‘खाली’. नामाला याखेरीज दुसरे ‘वर’ ठाऊकच नव्हते. गुरुजी हसले, त्यांनी माझ्या डाव्या कडेला एक बारीक बाण काढून ‘उत्तर’ लिहिले आणि मला भिंतीवर चढवले.

पुढची वर्षे मजेत गेली. एका दमट श्रावणात माझ्यातले वाटताना निसटलेले मेथीचे दाणे उगवले आणि बोरघाट हिरवागार झाला. बायजाने ते जंगल खुडून भाजी केली. एकदा वर्गात सारवण चालले होते म्हणून मला घटकाभर व्हरांड्यातल्या बाकावर ठेवले, तर कोंबडीने माझ्या दरीत अंडे घातले. मुलांनी ते नवी टेकडी म्हणून वहीत उतरवून घेतले. उंदरांनी एका उन्हाळ्यात घाटाला आरपार बोगदा पाडला. मुले बोगदाही शिकली.

मग गुरुजी निवृत्त झाले. वर्गात मोठा टीव्ही आला. मुले नागफणीला छत्र्या अडकवू लागली. वाळवी लागली, तिने नेमका तो बाण खाल्ला. तेव्हापासून माझ्यापाशी सगळे होते, उत्तर तेवढे नव्हते.

यंदा वनिता बाई आल्या. त्यांनी तिसरीला लेखी प्रश्न घातला, नकाशाची वरची बाजू कोणती दिशा दाखवते? सगळ्या वर्गाने ‘पूर्व’ लिहिले. फक्त एकाने ‘खंडाळा’ लिहिले. बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि गुन्हेगार सापडला.

बाईंच्या मनात वाकडे काही नव्हते. त्यांनी नामाला निरोप धाडला, की हा लगदा भिजवून उत्तर वर ठेवून नवा नकाशा करून द्या. नामा आता सत्तरीचा आहे. बायजाला जाऊन चार वर्षे झाली. तो पाण्याने भरलेली बादली घेऊन आला, त्याने मला खाली उतरवून भिंतीला टेकवले आणि तो माझ्यापुढे नुसताच बसून राहिला. मुले भोवती जमली.

“आजोबा, नवा याच्याहून छान होईल,” बाई म्हणाल्या.

“व्हईल की. आमचं काय नाय, बाई. ही नागफणी तेवढी कापून घेऊ का? तिची बोटं हायेत त्यात.”

बाई वाकल्या. टोकाच्या दोन्ही अंगांना चिमटीचे दोन खळगे होते. त्यांनी खळग्यांत आपली दोन बोटे ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, की हेच टोक नव्या नकाशात बसवू, उजव्या बाजूला.

“म्हंजे घाट बाजूला?” नामाने विचारले. “मंग नदीनं उतरायचं कुठून? आडवं चालायचं?”

मुले हसली.  तेवढ्यात पारू नावाची मुलगी पुढे आली. तिला भूगोलाशी काही देणेघेणे नव्हते.

“बाई, त्याला झोपवा ना. किती वर्षं उभाय. दमला असंल.”

“तुला कोण झोपवतं गं वर्गात?” मागून कुणीतरी म्हणाले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आणि नामाने मला उचलून अंगणात आडवे ठेवले. नामाने सवयीने माझा घाट समोरच्या घाटाकडे फिरवला. बाईंनी एकदा डोंगराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. माझ्या सोंडा त्या सोंडांच्या रेषेत होत्या, माझी दरी त्या दरीच्या.

“उत्तर कुठे?” त्यांनी विचारले.

घाटाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलांनी डावे हात उचलले. कर्जतकडे.

“आणि या नकाशात आता वर काय आहे?”

सगळ्या माना वर झाल्या.

“आभाळ, बाई.”

बाईंनी त्या उत्तराबद्दल सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण दिले. बाण त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा रंगवला. नामाने बादली जास्वंदीला रिकामी केली आणि तो घरी गेला.

मित्रांनो, हल्ली मी अंगणातल्या ओट्यावर आडवा असतो. माझ्याकडे यायचे तर आधी समोरचा डोंगर नीट बघून या, मग माझ्यावर बोट फिरवा. दरीत पेन्सिलीचा कचरा टाकू नका, नागफणी ओढून बघू नका. आणि ढग भरून आले, की खेळ टाकून आधी मला आत न्या. समोरचा घाट भिजला तरी घाट राहतो. मी भिजलो, तर रद्दी.