आधी मला बुजवा

मी भेग बोलतेय. काळ्या रानातली, चांगली कंबरभर खोल. खोटं वाटत असेल तर पाय घालून बघा. पण मुरगळला तर मला शिव्या देऊ नका, त्या रोजच खाते.

मला कुणी हौसेनं जन्माला घातलं नाही. पाणी आटलं, ऊन तापलं, चिकणमाती आकसली आणि मी फाटले. तोंड वर मालकाच्या पायाशी, शेपूट खाली मुरमात. मुरमापलीकडे विहीर. सगळं घर तिचंच पाणी पितं.

हुमणी पिकाची मुळं कुरतडायला लागली, तसा मालक औषधाचा डबा घेऊन आला. जीव घेणाऱ्यालाही औषधच म्हणायचं! धन्य ती माणसं.

मालकीण म्हणाली, "अहो, आधी हातकोळपं फिरवा. भेगा मोडू द्या."

"तुला काय कळतंय? भेगा आहेत तेच बरं. औषध आपसूक खोल जाईल."

खोल? अहो, हुमणी बसलीय वीतभर खाली, मुळाशी. विहिरीच्या तळाला तिचं सासर आहे का?

त्यानं औषध ओतलं आणि वर लगेच पाणी सोडलं. भुसभुशीत माती असती तर घोट घोट प्यायली असती, धरून ठेवलं असतं, हळूहळू जिरवलं असतं. मला कुठला तेवढा दम? मी गटागटा गिळलं आणि खाली मुरमात ओकले.

विहिरीतले मासे उलटे होऊन तरंगले. हुमणी मात्र गुटगुटीत! मालक म्हणाला, "दुकानदारानं भेसळ दिली. आता डबल मारतो." चूक दुकानदाराची, नशिबाची, माझी, ह्याची सोडून सगळ्यांची.

घरात तान्हा नातू. मालकिणीनं भरलेली कळशी ओतून दिली आणि लांबून पाणी वाहायला लागली.

आज मालक पुन्हा डबा घेऊन आला, तर ती माझ्यावर दोन पाय रोवून उभी. एका हातात कोळपं, दुसऱ्या हातात विहिरीच्या पाण्याचा पेला.

"झाकण उघडायच्या आधी हा पेला प्या. मग नातवाला पाजू."

मालकानं पेल्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवून पुटपुटला, "दे ते कोळपं इकडे."

"आडवं फिरवा. ह्या भेगेच्या अंगावरून."

लोकहो, बाकीच्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी सांगते, मला मोडा. तुमच्या रानातही माझ्या बहिणी तोंड वासून बसल्या असतील; आधी त्यांना बुजवा, मग काय ते औषध मारा.

ही बघा, पहिली ढेकळं पडली तोंडात. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझं तोंड बंद करतंय, आणि मला बरं वाटत—