उलट्या पावलांची गल्ली

बुरहान उस्तादांचा आवाज गेला, तोरा गेला नाही. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना आवाजही काढावा लागला आणि उरली ती नुसती फुसफुस. दुसरा कुणी असता तर अंगणात तुतीखाली बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिला असता. पण ज्याने उभं आयुष्य पाहुण्यांना बुखारा दाखवण्यात घातलं, तो माणूस गप्प बसतोय होय! तोंड बोलत नाही तर कागद बोलेल, असं त्यांनी ठरवलं. किल्ल्याच्या दरवाजापासून ते चार मनोरे म्हणतात त्या जुन्या वास्तूपर्यंत परक्या माणसाने एकट्याने, वाटाड्या न घेता, कुणाला काही न विचारता चालत जावं, असा कागद त्यांनी लिहायला घेतला.

लिहिला कुठे, तर घरी, तक्क्याला टेकून, डोळे मिटून. त्यांच्या बायकोने, मुकद्दसने, दोनदा सुचवलं की जरा पाय मोकळे करून या, वाट एकदा तपासून घ्या. उस्तादांनी हात असा झटकला की जणू तिने त्यांना स्वतःचं नाव तपासून यायला सांगितलं होतं.

"राहिलं," ती म्हणाली. "बुखारा तुमच्या खिशातच आहे, मला बाईला काय कळतंय."

हौदाजवळ गुलचेहराचं पाहुणघर आहे. ती एकेकाळी उस्तादांच्याच हाताखाली शिकलेली, आता चार माणसं कामाला ठेवून असलेली मालकीण. उस्ताद कागद घेऊन तिच्याकडे गेले. ते एक शब्द कुजबुजायचे, मुकद्दस त्याचं वाक्य करायची आणि वर स्वतःचं तिखटमीठ लावायची. गुलचेहराने दोघांना चहा दिला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि मान हलवली. कागद सुंदर आहे म्हणाली. पण पाहुणा भर उन्हात गल्ल्यांत हरवला तर शिव्या तिला बसतात, तेव्हा आधी परीक्षा. तिच्याकडे एक बाई उतरली होती, ती उद्या हा कागद घेऊन निघेल. कुणालाही न विचारता ती चार मनोऱ्यांशी पोचली तर कागद प्रत्येक खोलीत लागेल. विचारावं लागलं तर कागद घरी. कागदाबरोबर उस्तादही घरी, हे काही ती बोलली नाही, पण उस्तादांना ऐकू आलं.

म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. कागद चालला तर बुरहान उस्ताद अजून बुखाऱ्याचे वाटाडे होते, नाही चालला तर ते एक घसा गेलेले म्हातारे होते. आणि कागद चालणार याबद्दल त्यांच्या मनात तिळाएवढीही शंका नव्हती.

मदत करायची नाही असं वचन त्यांनी दिलं होतं. बघायचं नाही असं दिलं नव्हतं. सकाळी किल्ल्यासमोरच्या टरबूजवाल्याच्या गाडीमागे ते जाऊन उभे राहिले, आणि त्यांना आवरायला कुणीतरी हवं म्हणून मुकद्दसही आली. पाहुणी आली ती चांगली उंच, गवती टोपी घातलेली, पायांत दणकट बूट. नाव इल्झे, रीगाची, तिकडे टपालखात्यात पत्रं निवडायचं काम करणारी. गुलचेहराने एवढंच सांगितलं होतं. पत्ता वाचून माणूस शोधणाऱ्यांपैकी दिसतेय, मुकद्दस म्हणाली, तुमचं नशीब चांगलं आहे.

आणि चांगलं होतंच. मोठ्या मनोऱ्याखाली कागदात जिथे थांबायला सांगितलं होतं तिथेच इल्झे थांबली आणि टोपी धरून तिने मान वर केली. घुमटाखालच्या बाजारात जिथे चारी बाजूंनी गार वारा येतो, तिथे तिने डोळे मिटले. कात्र्या करणाऱ्या लोहाराकडे बगळ्याच्या आकाराची कात्री हातात घेऊन उघडझाप करून पाहिली, कारण कागदात तसं लिहिलं होतं. उस्ताद दुकानांच्या खांबांआडून हे बघत होते आणि खांबाखांबागणिक रुंद होत होते.

"बघ," त्यांनी कुजबुज केली.

"बघतेय की. तुमच्या मिशा बघतेय, कशा कानाला लागल्यात."

हौदाशी इल्झेने चहा घेतला, कागदाची घडी मोडली आणि मागच्या गल्ल्यांत शिरली. या गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की समोरून गाढव आलं तर एकाने मागे सरायचं, आणि गाढव सरत नाही. पहिल्या तिठ्यावर तिने कागद वाचला, उजवीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. उस्तादांचा एक पाय हवेतच राहिला. उजवीकडे काही नव्हतं. उजवीकडे आंधळी गल्ली होती, शेवटी मातीची भिंत आणि एका घराचा मागचा दरवाजा.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. इल्झे परत आली, पुन्हा कागद वाचला, पुन्हा उजवीकडे गेली, पुन्हा आली. ऊन डोक्यावर चढलं होतं. तिने टोपी काढून वारा घेतला आणि इकडेतिकडे पाहिलं, विचारायला माणूस शोधतात तसं. माणूस होता. दारातल्या बाकावर सफर आका बसले होते, या गल्लीचे राखणदार, म्हणजे ज्यांना कुणी नेमलेलं नाही तसले. पाहुणा वाट चुकलेला दिसला आणि सफर आका गप्प राहिले, असं बुखाऱ्यात घडलेलं नाही. काठी टेकून ते उठलेच.

उस्ताद ओरडले. म्हणजे ओरडायला गेले, आणि तोंडातून नुसती हवा आली. अख्खा बाजार ज्या आवाजाने वळायचा, त्या आवाजाने आज बाकावरचा म्हातारासुद्धा वळला नाही. ऑपरेशननंतर इतके महिने ते रडले नव्हते, पण त्या क्षणी त्यांना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. शेवटी मुकद्दसच वाऱ्यासारखी पुढे सुटली, तिने सफर आकांचा हात धरला, त्यांना बाकावर बसवलं आणि कानात काहीतरी सांगितलं. आका संतापले. पाहुण्याला वाट दाखवायची नाही, हा कुठला धर्म, असं ते बराच वेळ भिंतीला ऐकवत राहिले.

मुकद्दस परत येईपर्यंत उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. कागदात काय लिहिलंय ते त्यांना तोंडपाठ होतं. समोर दोन धुराड्यांच्या मधे मोठा मनोरा दिसेल, मग उजव्या हाताला वळा. बरोबर तर होतं. रोज दिसायचा मनोरा. रोज वळायचे ते.

"मनोरा मागे राहिला की हो," मुकद्दस म्हणाली. "आपण तिकडूनच आलो. हिला समोर कसा दिसेल?"

मग उस्तादांना उमगलं. मोठ्या चौकात वाटाड्या बाजूला उभा राहतो आणि हात करून दाखवतो. पण गल्लीत माणसं एकामागे एक येतात, त्यांच्याशी बोलायचं तर तोंड त्यांच्याकडे करावं लागतं आणि पाठ वाटेकडे. पुऱ्या आयुष्यात पाहुणे घेऊन या गल्लीतून ते सरळ चाललेच नव्हते. उलटे चालले होते, आणि डोळे मिटून लिहितानाही मनातल्या मनात उलटेच चालले होते.

"जन्मभर पाठमोरे चाललात," मुकद्दस म्हणाली, "आणि कागदही पाठमोरा लिहिलात. मी म्हणत होते, एकदा बघून या."

त्यांनी हात जोडले. आता बोलू नकोस, असं.

तेवढ्यात तिठ्यावर इल्झे हसली, एकटीच. घाम पुसायला ती सावलीकडे वळली होती, आणि वळल्यावर दोन धुराड्यांच्या मधे तिला मनोरा दिसला होता. तिने कागद पाहिला. मनोरा पाहिला. उजवा हात वर करून पाहिला. मग मनोऱ्याकडे तोंड तसंच ठेवून तिने एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं, आणि उजव्या हाताला वळली. पत्रं निवडणाऱ्या बाईला पत्ता लागला होता.

आता लपायला जागा नव्हती. तिचं तोंड यांच्याकडे, आणि गल्लीत हे दोघेच. इल्झेने त्यांना पाहिलं, मघाशी बाजारातही पाहिलं होतं बहुतेक, आणि रशियनमध्ये विचारलं, तुम्हीसुद्धा हरवलात का?

मुकद्दसने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. "जरासे," ती म्हणाली.

"मग या माझ्यामागे," इल्झे म्हणाली. "माझ्याकडे कागद आहे."

आणि ते गेले. इल्झे मागे मागे चालत पुढे, आणि बुखाऱ्याचे बुरहान उस्ताद बायकोबरोबर तिच्या मागे, पाहुण्यासारखे. ती मोठ्याने वाचत होती. या भिंतीला हात लावा, हिच्या मातीत भुसा आहे, ऊन तापलं की वास येतो. उस्तादांनी हात लावला. वास आला. या दारामागे रेशीम रंगवणारे राहायचे, त्यांचं पाणी गटारातून यायचं तेव्हा गल्लीतली कोंबडी निळ्या पायांनी हिंडायची. इल्झे हसली. शब्द सगळे त्यांचेच होते, आणि ते पुन्हा गल्लीत मोठ्याने ऐकू येत होते. आवाज बाईचा होता, रीगाचा होता, तरी चालण्यासारखा होता. 

गल्ली तशी त्यांच्या पायाखालची. पण भाजीची पिशवी घेऊन मान खाली घालून घरी जाणं वेगळं, आणि कुणीतरी दाखवतंय म्हणून बघणं वेगळं. शेवटच्या वळणावर इल्झेने वाचलं, इथे मी बाजूला व्हायचो आणि गप्प राहायचो, तुम्हीही राहा. ती भिंतीला चिकटून बाजूला झाली आणि गप्प राहिली.

समोर गल्ली संपली आणि बुटक्या घरांच्या वर, उन्हात, चार मनोरे उभे होते, डोक्यावर चार निळे घुमट घेऊन. असे एकदम. इतकी वर्षं या वळणावर त्यांची पाठ असायची. घुमट त्यांनी बघितले होते ते लोकांच्या तोंडावर. घरी येऊन मुकद्दसला सांगायचे, त्या वळणावर माणसांची तोंडं बघायला हवीत तू एकदा, आणि ती म्हणायची, भांडी कोण घासेल.

मनोऱ्यांच्या पायरीवर गुलचेहरा वाट बघत, सुरी घेऊन टरबूज कापत बसली होती. पाहुणी उलटी येताना बघून तिची सुरी थांबली. कुणाला विचारलं का, तिने इल्झेला विचारलं.

"कुणालाही नाही," इल्झे म्हणाली. "उलट हे दोघे हरवले होते, त्यांना मीच घेऊन आले."

गुलचेहराने उस्तादांकडे पाहिलं. मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता तिने इल्झेला सगळं सांगून टाकलं, हा म्हातारा कोण ते. इल्झे लाल झाली. मग तिने पुढे होऊन उस्तादांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

कागद खोल्यांत लागणार, हे ठरलंच होतं. फक्त गल्लीतलं उजवं-डावं तेवढं सरळ करून द्या, गुलचेहरा म्हणाली. उस्तादांनी तिच्याकडून पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि काही खोडलं नाही. तिठ्याच्या वर एक ओळ घातली. इथून पुढे उलटं चाला, आम्ही तसेच चालायचो.

लोक पडतील की, गुलचेहरा म्हणाली.

"हे कधी पडले?" मुकद्दस म्हणाली. "आणि दोघं असतील तर एकाने सरळ चालावं. बघायला कुणी नको?"

टरबूज खाऊन ते त्याच गल्लीने घरी निघाले. आता मनोरा खरोखर समोर होता. सफर आकांनी त्यांच्याशी न बोलायचं ठरवलेलं दिसलं. बाक मागे पडल्यावर उस्तादांनी बायकोची बाही ओढली. वळणावर ती घुमटांकडे बघत नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"कसं दिसलं?" त्यांनी कुजबुज केली.

"काय कसं?"

त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं.

"आ वासलेलं," मुकद्दस म्हणाली. "माशी गेली असती आत. पण तुम्ही म्हणायचात ते खरं हो. बघायला हवं होतं मी आधीच."