गुडघ्याची वाटी

"सांधा तर बदलायचाच," डॉक्टर म्हणाले. "प्रश्न वाटीचा आहे. तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची चकती बसवायची, की वाटी आहे तशीच ठेवायची? बसवली तर हाड पातळ होतं, क्वचित तडकतं. नाही बसवली तर पुढून दुखणं राहू शकतं, मग पुन्हा ऑपरेशन. दोन्ही मतांचे डॉक्टर आहेत. तुम्ही सांगा."

शिवलिंगप्पांनी सोलापुरात जन्मभर डाळी विकल्या. त्यांना हाडातलं काय कळणार? त्यांनी एवढंच विचारलं, "मांडी घालता येईल का तिला?"

"काहीही केलं तरी नाही. जमिनीवर बसणं आता विसरा."

त्यांची बायको सावित्रम्मा बाहेर बाकावर बसली होती. ऑपरेशनला ती इतके दिवस नको म्हणत होती ती याच मांडीपायी. त्यांच्या लिंगायत घराण्यात गेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन खड्ड्यात बसवतात. माहेरी दुधनीला तिची आई तशीच बसली, सासूही तशीच. "मी आडवी जायची न्हाय," ती म्हणायची.

पण तिचं कण्हणं ऐकून ऐकून शिवलिंगप्पा टेकीला आले होते. "राहू द्या तिची वाटी," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि बाहेर येऊन बायकोला म्हणाले, "वाटी तुझीच ठेवतायत. मांडी घालता येईल की." जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं? ती लगेच तयार झाली.

सांधा चांगला बसला. गुडघ्याच्या पुढची कळ मात्र गेली नाही. खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी ती पदर दातात धरायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता वाटीला चकती बसवून बघू. आराम पडण्याची शक्यता आहे."

"नगं," सावित्रम्मा म्हणाली. "वाटी गेली की मांडी गेली."

डॉक्टरांनी शिवलिंगप्पांकडे पाहिलं. शिवलिंगप्पांनी खाली पाहिलं.

घरी ती पलंगावर बसून, मांडी घालता यावी म्हणून रोज तो गुडघा आत दाबायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरं सांगावं तर तिची आस तुटणार. न सांगावं तर ती ही कळ मरेपर्यंत सोसणार, आणि तीही त्यांच्या शब्दावर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यांनीच खणलेली. त्यांना स्वतःची किळस आली.

एका संध्याकाळी दुकानातून येऊन ते तिच्याजवळ बसले. "अगं, ती मांडी..."

"घालता येत न्हाय, ठावं हाय मला," ती दाबता दाबताच म्हणाली. "माज्या हातात जोर न्हाय राहिला. मी गेल्यावर तुमीच दाबा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. तवा मला दुखणार न्हाय, जोरानं दाबा."

तिने त्यांचा हात ओढून गुडघ्यावर ठेवला. उभ्या व्रणाखाली तिची वाटी त्यांच्या तळव्याला लागली.

"व्हय," शिवलिंगप्पा म्हणाले. "दाबतो."