पत्ते खाली ठेवण्याची परीक्षा

सफाक्स शहरासमोरच्या आमच्या केरकेना बेटांवर समुद्र शिकवायचा दाखला सरकार देतं, पण खरा निकाल लागतो तो बंदरावरच्या कॉफीखान्यात. ही पद्धत आमचे मास्तर सी शादली, म्हणजे शादलीराव, यांनी पाडली. निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांना ते शरदात आठवडाभर बेटावर जमवायचे, समुद्रातलं गवत, ऑक्टोपस, वाळू, वारा सगळं शिकवायचे आणि शेवटच्या संध्याकाळी एकेकाला पत्ते खेळणाऱ्या कोळ्यांसमोर उभं करायचे. कोळ्यांनी हातातले पत्ते खाली ठेवून ऐकलं तर पास. कंटाळून पुन्हा टेबलावर पत्ते आपटायला लागले की नापास. सी शादली स्वतः दाराशी, बोलणाऱ्याकडे पाठ करून बसत. व्याख्यान ते ऐकतच नसत, फक्त पत्त्यांचा आवाज ऐकत.

"पोरांना काय विचारता," ते म्हणायचे. "ती बिचारी बाकाला जखडलेली. ज्याला उठून जाता येतं त्याच्यासमोर बोला, म्हणजे आपली लायकी कळते."

मी पहिल्या वर्षी आपटले. समुद्रातल्या गवतावर काय झकास भाषण पाठ केलं होतं! दोन-चार वाक्यं झाली नाहीत तोच पहिला पत्ता आपटला तो माझ्या सख्ख्या मामाने. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्यानंतरच्या वर्षी पास झाले, तेव्हा सी शादली एवढंच म्हणाले, "आता तुझ्या मामाशी बोललीस. आधी परीक्षकाशी बोलत होतीस."

काय दिवस होते ते. शाळेची बाकं जोडून आम्ही झोपायचो. उजाडायच्या आत सी शादली दार ठोठावायचे आणि सगळ्यांना कमरेएवढ्या पाण्यात उतरवायचे. "ओला न झालेला मास्तर कोरडंच शिकवणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. थंडीने दात वाजवत बाहेर आलो की त्यांची बायको बेया पातेलंभर ऑक्टोपसचा कुसकुस घेऊन उभी असायची आणि नवऱ्याला आमच्यादेखत शिव्या घालायची. सफाक्सहून आलेल्या मास्तरणी पहिल्या दिवशी नाकं मुरडायच्या आणि शेवटच्या दिवशी बोटीवर चढताना रडायच्या. मी दर वर्षी त्यांना हसायचे. आता ते सगळं आठवलं की माझेच डोळे भरून येतात.

सी शादलींनंतर प्रशिक्षण माझ्याकडे आलं. मग हळूहळू त्यातलं एकेक गळत गेलं. आता शिक्षक शहरातल्या हॉटेलात उतरतात, भिंतीवर चित्रं बघतात, आणि समुद्र बघायला म्हणून एका दुपारी बेटावर येतात. कॉफीखान्याची संध्याकाळ तेवढी मी भांडून टिकवली होती. सफाक्सच्या कचेरीतले साहेब मला आदराने लल्ला, म्हणजे बाई, म्हणतात. ते म्हणाले होते, "लल्ला दलीला, तुम्ही आहात तोवर चालू द्या." म्हणजे तुम्ही गेलात की बंद. आणि यंदा मी निवृत्त होणार होते. बेटावरचं कुणी पास होऊन हे पुढे चालवायला उभं राहिलं, तरच ती संध्याकाळ वाचणार होती.

माझी भिस्त रीमवर होती. बाप बेटावरचा, वाढली सफाक्सला, दोन वर्षांपूर्वी इथल्या शाळेत आली. पोहायला पटाईत, बोलायला धीट. पण तिने उन्हाळ्याच्या शेवटी एक घोळ घालून ठेवला होता. शाळेतली मुलं घेऊन किनारा साफ केला. प्लास्टिक उचललं, दोऱ्या उचलल्या, इथवर ठीक. मग वाहून आलेल्या तपकिरी समुद्रगवताचे ढीग तिच्या डोळ्यांत खुपले. शहरात दर उन्हाळ्यात ते यंत्राने उचलतात, ते बघतच ती वाढलेली. हिनेही ट्रॅक्टर बोलावला. किनारा कसा लख्ख झाला. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

ते ढीग म्हणजे आमच्या वाळूवरची गोधडी. गोधडी गेली आणि पहिल्याच वादळाने वाळू ओढून नेली. म्हातारे कोळी खमीसकाका आपली बोट जिथे वर ओढायचे तिथे नुसते धोंडे उघडे पडले.

प्रशिक्षणात मी त्या ढिगांबद्दल सांगायला लागले तेव्हा रीमचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "कॉफीखान्यात ऑक्टोपसवर बोल. ऑक्टोपसवर कुणाचा राग नाही."

"नाही लल्ला, गवतावरच बोलणार."

"खमीसकाका तिथेच बसतात, माहीत आहे ना?"

"म्हणूनच."

हट्टी माणसं मला आवडतात, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटच्या संध्याकाळी मी दाराशी, सी शादलींच्या जागी, पाठ करून बसले. आधी शहरातले दोघे बोलले आणि दोघांच्याही भाषणात पत्ते धडाधड आपटले गेले. मग रीम उभी राहिली. मी ट्रॅक्टर आणला, असं तिने सरळ सांगितलं. गवत वाळूला कसं धरून ठेवतं तेही सांगितलं. मी कान टवकारून बसले होते. एकही पत्ता वाजला नाही, खुर्चीसुद्धा करकरली नाही. इतकी शांतता मी त्या कॉफीखान्यात कधी ऐकली नव्हती. ती थांबली तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"पास," मी म्हटलं आणि वळले.

रीम हसली नाही. "लल्ला, तुमची पाठ होती. टेबलं बघा."

टेबलांवर नुसते चहाचे पेले होते. पत्त्यांचा जोड खमीसकाकांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता.

"मी उभी राहायच्या आधीच त्यांनी पत्ते गोळा केले," ती म्हणाली.

मी खमीसकाकांकडे बघितलं. ते पेल्यात बघत राहिले. "हे काय काका?"

"काय म्हणजे? तुझं शेवटचं वर्ष. पोरगीही आपलीच, आधीच घाबरलेली. म्हटलं, होऊ दे पास. आमचं काय जातं? दोन मिनिटं गप्प बसलो."

"तुमची वाळू गेली आणि तुम्ही गप्प बसलात?"

"वाळू येईल पुन्हा चार-पाच वर्षांत. तोवर मी नसेन. कशाला भांडायचं?"

मला काय वाटलं ते सांगते. लाज नाही वाटली, राग आला. इतकी वर्षं ज्या टेबलांना मी घाबरले, त्या टेबलांनी मला म्हातारी समजून कुरवाळलं होतं. रागाच्या आत एक मोह होता, तोही खरा. पास म्हणून झालं होतं. कचेरीला तेवढं पुरे होतं. मी तोंड मिटून घरी गेले असते तर संध्याकाळ वाचली असती.

रीम खमीसकाकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, पत्ते काढा."

"अगं, झालीस ना पास?"

"दयेवर पास नको मला. काढा आणि वाटा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची फिरवून पुन्हा पाठ केली. मागे पत्ते पिसल्याचा, वाटल्याचा आवाज आला. रीमने पहिल्यापासून सुरुवात केली. गवत, ट्रॅक्टर, वारा. आणि ती वाळूपाशी आली तेव्हा पत्ता असा आपटला की पेले हलले. तो हात कुणाचा ते बघायची गरज नव्हती.

"कितीदा सांगशील?" खमीसकाका ओरडले. "माझा बाप तिथे बोट ओढायचा. ते सांग ना. ते कुठे आहे तुझ्या भाषणात?"

"मला माहीत नाही ते."

"मग माहीत करून घे."

"घेते. पुढच्या वर्षी सांगते."

"सांग. आवडलं नाही तर पुन्हा आपटीन."

"नापास," मी म्हटलं. "पोरी, पुढच्या वर्षी तू पुन्हा परीक्षा द्यायची. आणि तोवर मी कुठे जात नाही, निवृत्त झाले तरी ही संध्याकाळ सोडणार नाही. साहेबांना सांगते, दलीला अजून नापास करते आहे."

कॉफीखाना हसला. खमीसकाका हसले नाहीत, ते बापाच्या बोटीबद्दल रीमला काहीतरी रागारागाने सांगत होते आणि ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली होती. मी पाठ करूनच बसून राहिले, कारण माझ्या डोळ्यांतलं पाणी कुणाला दाखवायचं नव्हतं.